ओठांकडे बघणारी माणसं

आमच्या सोसायटीत झेंडा बांधायचं काम कित्येक वर्षं एकाच गृहस्थांकडे आहे. शाळेत पीटी शिकवायचे, आता निवृत्त. सगळे त्यांना सर म्हणतात, जन्मात त्यांच्या हाताखाली न शिकलेलेसुद्धा. आदल्या संध्याकाळी ते ऑफिसच्या कपाटातून झेंडा नेतात, घरी इस्त्री करतात आणि सकाळी सगळ्यांच्या आधी खांबापाशी येऊन उभे राहतात. एकदा मी ते बघायला मुद्दाम लवकर खाली गेले होते. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी आत घेत घेत हातात मावेल एवढी घडी करायची. आत मूठभर झेंडूच्या पाकळ्या, पण त्या पंच्याने टिपून कोरड्या केलेल्या. ओल्या पाकळ्या कापडाला चिकटतात आणि पांढऱ्यावर पिवळा डाग पडतो. शेवटी दोरी पुरचुंडीभोवती फिरवून तिचंच एक टोक आत खोचायचं. ही गाठ खालून एक हिसका दिला की सुटली पाहिजे आणि वाऱ्याने मात्र सुटता कामा नये. "पाहुण्यांनी दोरी ओढली आणि सुटलं नाही, तर लाज पाहुण्यांची जात नाही, माझी जाते," ते म्हणाले.

यंदा पंधरा ऑगस्टला भुरभुर पाऊस होता. दोरी भिजून फुगली होती तरी गाठ सुटली, पाकळ्या पडल्या, स्पीकरवर राष्ट्रगीत लागलं. सर काटकोनात उभे, मुठी मांड्यांना चिकटलेल्या. राष्ट्रगीत संपल्यावर ते खाली वाकून खांबाच्या हुकाला दोरी गुंडाळायला लागले आणि मागून कोणातरी तरुणाचा आवाज आला, "भारतमाता की!" सगळे म्हणाले, "जय!" मग "वंदे", मग "मातरम्". छत्र्या वर-खाली झाल्या, पोरं हसली, आणि आम्ही चहाच्या टेबलाकडे वळलो. तिथे माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "सर काही म्हणाले नाहीत हं. बघितलंत ना? ओठसुद्धा हलले नाहीत. गेल्या वर्षीही असंच."

मी काहीच बोलले नाही. चहा घेतला, जिलेबी खाल्ली, पावसाबद्दल बोललो. पण घरी आल्यावर ते वाक्य पायात काटा मोडून राहावा तसं टोचत राहिलं. सर वाकलेले होते, त्यांचं तोंड खांबाकडे होतं. त्यांचे ओठ हलतात की नाही हे दिसायला माणसाला मुद्दाम एका बाजूला सरकावं लागेल, मान तिरकी करावी लागेल, आणि मुख्य म्हणजे झेंड्याकडे बघणं सोडावं लागेल. आणि ते 'गेल्या वर्षीही'!

म्हणजे हिशेब ठेवला गेला होता.

आमच्या सोसायटीत आवारात राजकारण नको असा नियम आहे, आणि तो चांगला आहे. निवडणुकीत गेटवर कुठल्या पक्षाचं फडकं लावू देत नाहीत. नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक एकदा लागला होता, तो सेक्रेटरींनी संध्याकाळच्या आत उतरवायला लावला. तिरंगा मात्र या नियमात येत नाही. तो राजकारणाच्या वरचा. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, सगळ्यांनी धरूनच चाललेलं आहे. मीही धरूनच चालले होते. लहानपणी तालुक्याच्या गावात आमची प्रभातफेरी निघायची तेव्हा झेंडा म्हणजे खडू फासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, तांब्यात निखारे घालून केलेली इस्त्री आणि रस्त्याच्या चिखलातून बूट वाचवत चालायची कसरत. त्यात राजकारण कुठून येणार? तरी आता आठवलं की हसू येतं. राष्ट्रगीतात 'मराठा' आलं की आमची अख्खी शाळा आवाज चढवायची. 'पंजाब' आणि 'गुजरात' सरळ जायचे, 'मराठा' कौलांना धडकायचा, आणि 'द्राविड उत्कल बंग' येईपर्यंत आमचा दम संपलेला असायचा. मास्तर डोळे वटारायचे, पण मला वाटतं त्यांचाही आवाज तिथे चढायचाच.

वर्गात कापडदुकानवाल्यांचा एक सिंधी मुलगा होता. 'सिंध' म्हटलं की आम्ही सगळे माना न वळवता फक्त डोळे त्याच्याकडे फिरवायचो. तो ओशाळं हसायचा. त्याला ते आवडायचं की नाही हे आम्ही कधी विचारलं नाही. त्याचे आजोबा दुकानाच्या गल्ल्यावर बसायचे, सगळं मागे सोडून आलेले. त्यांना विचारायचं तर सुचलंच नाही. पुढे सुप्रीम कोर्टात एक अर्ज गेला, की सिंध आता भारतात नाही, तेव्हा तो शब्द काढा आणि तिथे काश्मीर घाला. २००५ मध्ये कोर्टाने तो फेटाळला. राष्ट्रगीत म्हणजे देशाच्या सीमांची नोंदवही नव्हे, असा एकूण सूर. मला तेव्हा ते आजोबा आठवले. आपल्या गावाचं नाव ज्या कागदांवर होतं ते सगळे कागद परदेशात गेलेले, आणि इथे हजारो शाळांत रोज सकाळी पोरं ते नाव मोठ्याने म्हणतायत. एक शब्द काढला असता तर नकाशा अचूक झाला असता खरा.

झेंड्याची गोष्ट मी नीट वाचली ती बरीच उशिरा, आणि वाचताना आईच्या ट्रंकेत तिचा लग्नाआधीचा फोटो सापडावा तसं काहीतरी झालं. हा झेंडा एका पक्षाच्या बैठकांमध्ये घडला आहे. १९२१ च्या सुमारास गांधीजींच्या मनात होते ते रंग सरळसरळ समाजांचे होते: लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी सगळ्यांचा. मग शीख म्हणाले, आमचाही रंग हवा. भांडण मिटेना म्हणून १९३१ मध्ये कराचीच्या अधिवेशनात समिती नेमली, आणि त्या समितीने काय सुचवावं, तर अख्खा झेंडा केशरी आणि त्यावर चरखा! हे आज सांगितलं तर लोकांना थाप वाटते. काँग्रेसच्या महासमितीने ते नाकारलं. ऑगस्टमध्ये मुंबईला बसून केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम ठरवला आणि जाहीर केलं, की या रंगांचा कुठल्याही समाजाशी संबंध नाही. केशरी त्यागाचा, पांढरा शांतीचा आणि सत्याचा, हिरवा श्रद्धेचा. आपण शाळेत निबंधात लिहितो ते अर्थ असे ठरावाने आलेले आहेत. रंग आधी आले, भांडणं झाली, आणि भांडण मिटवायला अर्थ मागाहून लावले.

मला हे कळल्यावर वाईट वाटायला हवं होतं बहुधा. वाटलं नाही. उलट बरं वाटलं. आकाशातून पडलेल्या वस्तूपेक्षा माणसांनी हुज्जत घालून, एकमेकांचं थोडं ऐकून, थोडं न ऐकून बनवलेली वस्तू मला जवळची वाटते.

२२ जुलै १९४७ ला घटना समितीत नेहरूंनी झेंड्याचा ठराव मांडला. चरखा जाऊन अशोकाचं चक्र आलं, बाकी झेंडा जवळजवळ तोच, ज्याच्याखाली काँग्रेसवाले लाठ्या खात आले होते. त्या दिवशी सभागृहात मुस्लिम लीगचे सभासदही होते. त्यांच्यातले चौधरी खलिकुझ्झमान उभे राहिले आणि त्यांनी ठरावाला पाठिंबा दिला. लीगने वर्षानुवर्षं ज्या झेंड्याला काँग्रेसचा झेंडा म्हटलं, त्याला. फाळणी ठरलेली, दिल्लीची हवा बिघडत चाललेली, आणि हे गृहस्थ म्हणतायत की भारतात राहणाऱ्या प्रत्येकाने या झेंड्याचा मान राखावा. काही महिन्यांत ते स्वतः पाकिस्तानात गेले. या माणसाचं काय करायचं मला कळत नाही. ढोंगी म्हणावं, तर ते भाषण देण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. खरे म्हणावं, तर ते गेले. मी त्यांना मधेच कुठेतरी ठेवून दिलंय.

आणि आजही बघा. काँग्रेसचा झेंडा तिरंगीच आहे, मध्ये हात. पलीकडे कमळ, पोरांच्या पुस्तकात राष्ट्रीय फूल आणि मतदान यंत्रावर एका पक्षाची खूण. यावर दोन्हीकडचे लोक अधूनमधून तक्रार करतात. तक्रारीत तथ्य आहे, पण मला त्यात फारशी गोडी वाटत नाही. पक्ष चिन्हांना चिकटतात, हे चालायचंच.

गीताचं प्रकरण मात्र आमच्या घरातलं आहे. माझी आत्या पेटीवर वंदे मातरम् म्हणायची, मास्टर कृष्णरावांच्या झिंझोटीतल्या चालीवर. पूर्ण. दोन कडव्यांवर थांबणं तिला मान्य नव्हतं. पेटीचा भाता ओढताना तिच्या बांगड्या मागे सरकायच्या आणि 'सुजलाम्' वरचा तिचा षड्ज असा लागायचा, की स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबायची. मास्टर कृष्णरावांनी या गीतासाठी केवढा जीव टाकला हे मला तिच्याकडूनच कळलं. ते राष्ट्रगीत व्हावं म्हणून ते दिल्लीला गेले, घटना समितीतल्या लोकांसमोर त्याची प्रात्यक्षिकं केली, बँडवर वाजेल अशी चाल बांधून दाखवली. कारण अडलं होतं म्हणे बँडपाशी. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात भारताच्या गीताची मागणी आली, हाताशी जन गण मनची ध्वनिमुद्रिका होती, तिथल्या वाद्यवृंदाने ती वाजवली आणि परक्या लोकांना ती भारी आवडली. नेहरूंनी पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये हे सगळं सभागृहात सांगितलं. राष्ट्रगीताला शब्दांपेक्षा चाल महत्त्वाची असाच त्यांचा रोख होता. मग २४ जानेवारी १९५० ला राजेंद्रप्रसादांनी एक निवेदन वाचलं: जन गण मन राष्ट्रगीत, वंदे मातरम् ला तितकाच मान. टाळ्या पडल्या. मतदान नाही. आत्याचा राग त्या मतदान न घेण्यावर होता. "हरलो असतो तर हरलो असतो गं," ती म्हणायची, "पण हात तर वर करू द्यायचे." त्या दिवशी सभागृहात दोन्ही गीतं म्हटली गेली, हे मी तिला सांगायची, आणि ती पेटीचं झाकण लावायची.

आत्याकडूनच ऐकलेली आणखी एक गोष्ट. १९२३ चं काकीनाड्याचं काँग्रेस अधिवेशन, अध्यक्ष मौलाना महंमद अली, आणि विष्णु दिगंबर पलुस्कर नेहमीप्रमाणे वंदे मातरम् म्हणायला उठलेले. मौलानांनी संगीताला हरकत घेतली. पलुस्करांनी जुमानलं नाही आणि ते पूर्ण म्हटलं. आत्या हे सांगताना ताठ व्हायची. मी कॉलेजात जाईपर्यंत या गोष्टीत मला एकच शूर माणूस दिसायचा.

कॉलेजात माझी खोलीतली मैत्रीण मुसलमान होती. तिला पहिली दोन कडवी तोंडपाठ होती, माझ्यापेक्षा शुद्ध. पुढच्या कडव्यांत दुर्गा येते, तिथे ती थांबायची. म्हणायची, "मला त्या बाईबद्दल काही नाही गं, पण नमस्कार मी एकालाच करते." १९३७ साली काँग्रेसच्या कार्यकारिणीने रवींद्रनाथांचा सल्ला घेऊन हेच ठरवलं होतं, पहिली दोन कडवी म्हणायची, हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. एका सुट्टीत ती आमच्या घरी आली. संध्याकाळी आत्याने पेटी काढली आणि नेमकं तेच सुरू केलं. मला कापरं भरलं. मैत्रीण मांडीवर हात ठेवून, मान खाली घालून शेवटपर्यंत बसली. कुठे थांबली, कुठे नाही, मला कळायचा प्रश्न नव्हता, ती मुळात म्हणतच नव्हती. ती झोपायला गेल्यावर आत्या मला म्हणाली, "किती छान ऐकते गं ही. हल्ली असं ऐकणारं कोणी मिळत नाही."

दर ऑगस्टमध्ये फोनवर येणाऱ्या त्या मजकुराचं इथे एकदा उरकून टाकते: जन गण मन हे पंचम जॉर्जच्या स्तुतीसाठी लिहिलं, वगैरे. १९११ च्या डिसेंबरात कलकत्त्याला काँग्रेसच्या अधिवेशनात ते पहिल्यांदा म्हटलं गेलं, त्याच अधिवेशनात राजाच्या स्वागताचाही कार्यक्रम होता, आणि काही इंग्रजी पत्रांनी बातमीत दोन्हींची खिचडी केली. युगानुयुगे लोकांचा रथ हाकणारा तो भाग्यविधाता पाचवा किंवा सहावा किंवा कुठलाही जॉर्ज असूच शकत नाही, असं स्वतः कवीने १९३७ मध्ये एका पत्रात लिहून ठेवलंय. तरी मजकूर येतो. पाठवणाऱ्याला कवितेशी काही देणं-घेणं नसतं, पाठवणाऱ्याला आपल्या बाजूचं गीत वर हवं असतं.

हा खेळ एकट्या आपलाच नाही, हे जरा इकडेतिकडे बघितलं की कळतं. रशियाच्या राष्ट्रगीताचे शब्द सर्गेई मिखाल्कोव नावाच्या एकाच माणसाने तीनदा लिहिले. स्टालिन होता तेव्हा त्याच्या नावासकट, १९७७ मध्ये त्याचं नाव गाळून, आणि सोव्हिएत संघच राहिला नाही तेव्हा २००० साली देव घालून. चाल तीच. नोकरी टिकवणं याला म्हणतात! स्पेनच्या गीताला शब्दच नाहीत. २००८ मध्ये स्पर्धा घेऊन शब्द निवडले, तर इतका गदारोळ झाला की काही दिवसांत मागे घेतले; खेळाडू अजूनही गुणगुणतात. दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये दोन गीतं एकाला एक जोडली. एक वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्यांचं, दुसरं त्यांच्यावर राज्य करणाऱ्यांचं, आणि भाषा पाच. संगीताच्या दृष्टीने तो सांधा चांगलाच उघडा पडतो. चाल मधेच मोडते आणि स्वर बदलतो. मला तो सांधा फार आवडतो. ज्यांनी एकमेकांना मारलं त्यांना एकाच गीतात दुसऱ्याच्या ओळी म्हणाव्या लागतात.

एवढं सगळं फिरून आल्यावर मला आमच्या सोसायटीच्या 'तिरंग्यात राजकारण नाही' या समजावर विश्वास ठेवणं कठीण जातं. आहे की! कुठल्याही झेंड्यात असतं. कोणीतरी जिंकलेलं असतं, कोणाची तरी चाल मागे पडलेली असते, कोणाचा चरखा काढलेला असतो. माझं म्हणणं एवढंच, की हे राजकारण असणं म्हणजे वाईट असणं नाही. वाईट होतं ते नंतर, जेव्हा झेंडा वर बघण्याची गोष्ट राहत नाही आणि शेजाऱ्याला मोजायची पट्टी होते. मग तो एका पक्षाचा होतो. तो पक्ष निवडणूक आयोगाकडे नोंदलेला असेलच असं नाही. 'आपण खरे आणि ते संशयित' एवढ्या एका कलमावर पक्ष उभा राहतो.

महाराष्ट्रात आपल्याला २००३ पासून सिनेमाच्या आधी उभं राहायची सवय आहे. त्याआधी, बासष्टच्या युद्धानंतर, सिनेमा संपल्यावर राष्ट्रगीत लागायचं आणि लोक दाराकडे पळायचे, म्हणून ते बंद पडलं, असं वडील सांगायचे. मला आरंभीचं ते उभं राहणं खरंच आवडायचं. अंधारात अनोळखी माणसं, मांडीवरच्या पिशव्या सावरत, पोरांना खांद्याला लावून उभी. शेवटच्या 'जय हे'ला पाठीतून काहीतरी सरकायचं, अजून सरकतं. पण २०१६ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने देशभर सक्ती केली त्यानंतरच्या हिवाळ्यात थिएटरांतली हवा बदलली. लोक उभे राहून आजूबाजूला बघायला लागले. एका खेळाला आमच्या पुढच्या रांगेत एक बाई बसूनच होत्या, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "ओ बाई, उठा!" राष्ट्रगीत चालू असताना ओरडलं. त्या उठल्या नाहीत, वळून बघितलं नाही. मध्यंतरात त्यांच्यासोबतचा मुलगा त्यांना धरून सावकाश बाहेर घेऊन गेला आणि ओरडणारे गृहस्थ पॉपकॉर्नच्या रांगेत छताकडे बघत उभे राहिले. पण समजा, त्या बाईंचे गुडघे धडधाकट असते, तर? मला तो प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर मला गुडघ्यांवर सोडायचं नाही. जानेवारी २०१८ मध्ये कोर्टाने स्वतःच सक्ती काढून घेतली. बरं झालं. आता थिएटरात राष्ट्रगीत लागलं की पुन्हा पडद्याकडे बघता येतं.

त्याच कोर्टाने बत्तीस वर्षं आधी जे म्हटलं होतं ते तर सोनं आहे. केरळातल्या एका शाळेतून तीन भावंडांना काढलं होतं. राष्ट्रगीताला ती मुलं उभी राहायची, नीट, आदराने, पण म्हणायची नाहीत. त्यांच्या यहोवाचे साक्षीदार या पंथाला ते चालत नव्हतं. १९८६ मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी मुलांना परत शाळेत घ्यायला लावलं. न म्हणणं म्हणजे अपमान नव्हे, आणि म्हणायला लावणारा कायदाही नाही. निकालाच्या शेवटी त्यांनी लिहिलं, की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान तिचा उपदेश करतं, आपली घटना ती आचरणात आणते. ती पातळ करू नका. ही मुलं माझ्या शाळेत असती तर आम्ही माना न वळवता डोळे त्यांच्याकडे फिरवले असते, यात मला शंका नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी फारच शहाणी दिसेन. झेंड्याबद्दल बेफिकिरी मला सहन होत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलून पॉलिएस्टरचे, मशीनवरचे झेंडे चालतील असं झालं. पुढच्या ऑगस्टात घरोघर झेंडे लागले, रात्रीही ठेवायची मुभा मिळाली. त्याआधी झेंडा खादीचाच. हुबळीजवळच्या बेंगेरीला तो बनतो, सूत किती पदरी, टाका किती, चक्राचे चोवीस आरे दोन्ही बाजूंना एकावर एक बरोबर बसलेत का, हे सगळं तपासून. ती खादी हातात घेतली तर जाड्याभरड्या चादरीसारखी लागते, वजन असतं तिला. पॉलिएस्टरचा झेंडा सुळसुळीत, वाऱ्यावर जास्त देखणा फडकतो, आणि पंधरवड्यात बाल्कनीच्या गजाला घासून त्याच्या कडेचे धागे लोंबायला लागतात. आमच्या समोरच्या इमारतीत असे कितीतरी दसऱ्यापर्यंत लोंबत होते. हे बघून माझा जीव खालीवर होतो. आणि तरी, १९९५ साली एका उद्योजकाला आपल्या कारखान्यावर रोज झेंडा लावायचा हक्क मिळावा म्हणून कोर्टात जावं लागलं होतं, २००४ पर्यंत भांडावं लागलं होतं, हेही मला पटत नाही. सामान्य माणसाने स्वतःचा झेंडा वर्षातून ठरलेल्या दिवशीच लावायचा हा कसला न्याय? हातात दिला की चुरगळतो, हातात दिला नाही तर सरकारी होतो. यातून मला वाट सापडलेली नाही. चुरगळलेला परवडला, असं एखाद्या दिवशी वाटतं, आणि कचऱ्याच्या गाडीत केशरी कोपरा दिसला की वाटेनासं होतं.

२०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीला तर मजाच होती. नागरिकत्वाच्या कायद्याविरुद्ध मोर्चे निघाले, त्यात तिरंगे. कायद्याच्या बाजूने मोर्चे निघाले, त्यातही तिरंगे. टीव्हीचा आवाज बंद केला तर कोणता मोर्चा कोणाचा ते ओळखू येत नव्हतं. माझ्या ओळखीतल्या दोन्हीकडच्या माणसांना समोरच्याच्या हातातला झेंडा खोटा वाटत होता. मला मात्र एवढ्या भांडणात दोन्हीकडून तोच झेंडा धरला जातोय याचाच धीर वाटला होता. ज्या दिवशी एक बाजू म्हणेल, तुम्हालाच ठेवा तो, आम्ही दुसरा घेतो, त्या दिवसाची भीती मला जास्त आहे. त्यामुळे जे झेंड्याची मक्तेदारी सांगतात त्यांच्याइतकाच माझा राग, जे 'झेंडा आता त्यांचा झाला' म्हणून सोडून देतात, त्यांच्यावर आहे. असा कसा त्यांचा झाला? तुम्ही दिलात म्हणून.

आणि चरखा काढल्यावर गांधीजी काय म्हणाले होते ते आपण पुस्तकांत फारसं घेत नाही. १९४७ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, स्वातंत्र्य तोंडावर आलेलं असताना, ते म्हणाले, की झेंड्यावर चरखा नसेल तर मी त्याला वंदन करणार नाही. सरळ. ज्या माणसाने तो झेंडा देशाच्या हातात दिला तोच. रुसवा म्हणा, हट्ट म्हणा, राजकारण म्हणा. मला त्यात तिन्ही दिसतं. पुढे ते समजुतीने बोलले असतील, चक्रात चरखा बघणारेही होते. पण तो नकार त्या झेंड्याच्या इतिहासात आहे, आणि त्याने झेंड्याचं काही बिघडलं नाही.

घरात आमचा अजून निकाल लागलेला नाही. मॅचच्या आधी टीव्हीवर राष्ट्रगीत लागतं तेव्हा मी उभी राहते, हातात कणकेचा गोळा असला तरी. मुलगा सोफ्यावर आडवाच असतो. एकदा त्याने मला गृहखात्याचा नियमही काढून दाखवला, की माहितीपटात वगैरे राष्ट्रगीत आलं तर प्रेक्षकांनी उठावं अशी अपेक्षा नाही. मी म्हटलं, हा माहितीपट नाही, हे आत्ता चालू आहे. तो म्हणाला, मग मैदानातल्यांनी उठायचं. नवरा अशा वेळी हटकून पाणी प्यायला जातो, आणि त्यामुळे त्याची बाजू कोणती ते आजवर कळलेलं नाही. मागच्या मॅचलाही तेच झालं. संपल्यावर मी हात धुतले आणि मुलाला विचारलं, ओपनिंगला कोण आलंय.